पारड्यात कोण?

फोन वाजले की सगळे अण्णांकडे बघायचे. बघायला हवं होतं माईकडे. पण जी सवय या घराला पंचेचाळीस वर्षांत लागली नाही, ती एका रविवारी दुपारी कशी लागणार?

त्या रविवारी बैठकीच्या खोलीत पाच फोन एकदम वाजले. थोरल्याचा टेबलावर थरथरला. सुनेच्या पर्समधून पिपाणी वाजली. धाकट्याच्या खिशात कुत्रं भुंकलं. असले आवाज लावून ठेवायची त्याला हौस होती. अण्णांचा फोन माईच्या एप्रनच्या खिशात टिवटिवला. आणि परदेशातल्या लेकीचा फोन, ती टेबलावरच्या पडद्यात दिसत होती तिथेच, आतल्या आत वाजला. आकडा होता दोनशे चौसष्ट.

"बघा," थोरला म्हणाला. "बसल्याबसल्या दोनशे चौसष्ट. आणि मी अजून विषयाला हातसुद्धा घातलेला नाही."

अण्णा खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. साखर दोनशे चौसष्ट असलेल्या माणसाच्या मानाने त्यांचा चेहरा फारच टवटवीत होता. पण या घरात चेहरा बघायचे दिवस केव्हाच संपले होते, आता आकडा बघत.

माईने स्वेटरची डावी बाही खाली ओढून घेतली. त्या बाहीच्या आत, दंडाच्या मागच्या बाजूला, नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. अण्णांची साखर तिथून येत होती.

याला सुरुवात झाली ती अण्णा दुकानात पडले तेव्हापासून. घराखालीच त्यांचं दुकान. वजनकाटे दुरुस्त करायचं. सोनाराचा नाजूक काटा असो नाहीतर गोदामातला पोत्यांचा, नीट झाला की त्याच्या पोटात शिशाची एक गोळी बसवायची आणि पकडीने दाबून तिच्यावर आपला ठसा उमटवायचा. तो ठसा असला की गल्लीतला कोणी पुन्हा तोलून बघत नसे. ती पकड अण्णांच्या वडिलांची. ती ज्याच्या खिशात तो दुकानाचा मालक, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

तर अण्णा दुपारी स्टुलावरून खाली आले. साखर एकदम उतरली होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि ही चकती दिली. तिच्या पोटात केसाएवढी तार असते, ती कातडीखाली जाते आणि दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवते. चौदा दिवसांनी काढायची, नवी लावायची. दुखत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. मात्र तो आकडा आणखी चौघांच्या फोनवर गेला तर त्या चौघांचं काय करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिली चकती लागली आणि अण्णांचं राज्य गेलं. त्यांनी जिन्याच्या वळणावर एक बिस्किट तोंडात टाकलं तर वर पोचेपर्यंत लेकीचा फोन येई, "अण्णा, आत्ता काय खाल्लंत?" तिकडे तेव्हा पहाट असायची, पण बापाच्या साखरेसाठी ती केव्हाही उठायला तयार होती. इथे राहत होती तेव्हा सकाळी नऊशिवाय उठल्याचं कोणाला आठवत नाही. थोरला दर शुक्रवारी सगळ्यांना अहवाल पाठवू लागला. आणि घरात एक नवा कायदा झाला, की ज्याच्या बोलण्यावर आकडा चढेल तो चुकला. धाकटा अण्णांच्या हाताखाली दुकानात काम करायचा. एकदा त्याने थोरल्याला उलट उत्तर दिलं आणि आकडा नऊने वाढला. तेव्हापासून तो वडिलांसमोर फक्त हवापाण्याच्या गप्पा मारी.

"अहो, आकडा दहा-पंधरा मिनिटं मागे चालतो," थोरली सून म्हणाली होती. "आत्ता दिसतोय तो आत्ताचा नसतो." ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रोज शंभर माणसांची साखर तिच्या हाताखालून जायची, त्यामुळेच की काय, या विषयात तिला कोणी विचारत नसे.

चौदा दिवस झाले. दुसरी चकती लावायला माई न्हाणीघरात गेली. दुसऱ्या कोणाला अण्णा हात लावू देत नसत.

"दार लाव," अण्णा म्हणाले. "आणि ही या वेळी तू लाव."

"मीच तर लावतेय."

"माझ्या हाताला नाही गं. तुझ्या."

माईने आधी दाराची कडी लावली.

"चौदा दिवस मला माणसासारखं जगू दे," अण्णा अजिजीने म्हणाले. "गोळ्या घेईन. गोड खाणार नाही. पथ्य पाळीन, तुझी शपथ. फक्त मला मोजू नका. तुला कुठे साखर आहे? फोनवर सरळ रेघ येईल, थोरला गप्प बसेल."

माईला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूला चुकवून दोघं फिरायला जात, तेव्हा असं व्हायचं. तिने बाही वर केली.

रेघ सरळ आली नाही. पहिल्याच सकाळी एकशे नव्वद, जेवणानंतर दोनशे ऐंशी. अण्णांनी फोन आपटून बघितला आणि निकाल दिला, "काटा बिघडलाय." तोच माणूस पन्नास वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावत आला होता, की माप चुकलं वाटलं तर काट्याला शिव्या देऊ नका, आधी पारडं बघा, पारड्यात काय ठेवलंय ते बघा. दहातले नऊ काटे निर्दोष असतात. पण पारड्यात स्वतःची बायको होती आणि बायकोला काही होत नसतं, म्हणून काटाच बिघडला.

माईला चौथ्या दिवशी कळलं. कोणी सांगितलं नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावताना तिच्या लक्षात आलं, की सकाळपासूनचा हा नववा.

ती बोलली नाही. बोलली असती तर अण्णांची चोरी उघडी पडली असती, आणि चोरी करणाऱ्याच्या हातात ठसा कोण ठेवील? हे एक कारण. दुसरं कारण तिने स्वतःशी कबूल करायला आणखी दोन दिवस घेतले. पाच फोन तिच्यासाठी वाजत होते. लेक पहाटे उठून तिच्या साखरेसाठी रडवेली होत होती. थोरला ऑफिसातून फोन करून विचारत होता, "काल दुपारी अडीचला इतका का चढला?" काल दुपारी अडीचला माईने एकटीने बसून जॅम लावलेला ब्रेड खाल्ला होता. तिच्या दुपारी अडीचची चौकशी आजवर कोणीच केली नव्हती. नाव अण्णांचं होतं, पण विचारपूस तिची होती. ती तिला आवडली होती.

आणि आता ही सभा.

थोरला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. कोण किती जगेल याचा अंदाज बांधायचं त्याचं काम. त्याचं बापावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये, पण ते तक्त्यात मावेल तेवढंच बाहेर यायचं. त्याने फाइल उघडली आणि रंगीत छापलेले आलेख सगळ्यांना वाटले. माईसाठी प्रत काढलेली नव्हती.

"पहिल्या चकतीची सरासरी एकशे साठ. दुसरीची दोनशे चाळीस. कारण एकच. दुकान."

"दुकान तर पन्नास वर्षं तिथेच आहे, दादा," धाकटा म्हणाला.

फोनवर दोनशे चौसष्टाचे दोनशे सत्तर झाले.

"तू बोलू नकोस ना!" पडद्यातून लेक ओरडली. "बघ, सहाने चढली!"

"ती बोलण्याने नाही चढली, ताई," सून शांतपणे म्हणाली. "मघाशी चहाबरोबर बिस्किटं झाली, त्याची असेल."

"अण्णांनी बिस्किटाला हात तरी लावला का?" थोरला म्हणाला. "मी समोर बसलोय."

सून टेबलावरच्या बशीकडे बघत राहिली. बशीतली दोन बिस्किटं कमी झाली होती. अण्णांनी घेतली नव्हती, तिने घेतली नव्हती, नवरा आणि दीर बोलण्यात गुंतले होते. तिने हळूच मान वर केली आणि माईकडे पाहिलं. माई उठली.

"आई, बस ना जरा! कोणालाही पाणी नकोय," थोरला म्हणाला.

"मला हवंय," माई म्हणाली, पण तोपर्यंत थोरला पुढच्या पानावर गेला होता. ती स्वयंपाकघरात उभ्याने दोन पेले पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

थोरल्याची योजना तयार होती. दुरुस्तीचं टेबल काढायचं. तिथे काचेच्या कपाटात नवे बॅटरीवरचे काटे. दुकान धाकट्याने बघायचं. अण्णांनी वर आराम करायचा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याने एक कार्डही छापून आणलं होतं. त्यावर अण्णांचा फोटो आणि खाली 'सन्माननीय सल्लागार'.

"कोणाला सल्ला द्यायचा?" अण्णांनी डोळे उघडून विचारलं.

"ज्याला हवा असेल त्याला."

"आणि कोणाला नको असेल तर?"

"तर आराम."

"अण्णा, तुम्हाला ही गंमत वाटतेय का?" लेकीने पडद्यातून विचारलं. "दादा, सांग त्यांना काय काय होतं ते."

थोरल्याने चष्मा चढवला आणि यादी वाचायला घेतली. "नजर अंधुक होते."

माईला सुनेच्या हातातला आलेख मघापासून नीट दिसत नव्हता. ती समजत होती की शाई फिकी आहे.

"सारखी तहान लागते. लघवीला वारंवार जावं लागतं. थकवा येतो. पायाच्या बोटांना मुंग्या येतात."

चपलेच्या आत माईने बोटं हलवून बघितली.

"जखम लवकर भरत नाही."

तिच्या अंगठ्यावर पट्टी होती. ब्रेड कापताना सुरी लागली, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. थोरला वाचत होता आणि माई मनातल्या मनात हजेरी देत होती. यातलं अण्णांना काय काय होतंय, हे कोणी अण्णांना विचारलं नाही. आकडा असताना माणसाला कशाला विचारायचं?

"मला माझे अण्णा हवेत," लेक आता उघड रडत होती. माईच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आजारावर आपली मुलगी इतकी रडेल असं तिला वाटलं नव्हतं. ती रडत होती बापासाठी, हे माहीत असूनही माईने ते रडणं जरा स्वतःसाठी ठेवून घेतलं.

तेवढ्यात धाकट्याच्या खिशातलं कुत्रं पुन्हा भुंकलं. दोनशे एक्याऐंशी.

धाकटा आतापर्यंत बापाच्या बाजूने होता. त्याला काचेची कपाटं नको होती, त्याला स्क्रू आणि दांड्या आवडायच्या. पण दोनशे एक्याऐंशी बघून त्याचा रंगच उडाला. तो उठून अण्णांच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"अण्णा... थोडे दिवस. नुसते थोडे दिवस द्या ना माझ्याकडे."

थोरल्याचं बोलणं अण्णांनी कानाआड केलं असतं, लेकीचं हसण्यावारी नेलं असतं. पण रोज शेजारच्या स्टुलावर बसणारा मुलगा मागतोय म्हटल्यावर ते खचले. त्यांनी एकदा माईकडे पाहिलं. मग खिशातून पकड काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या मुठी हाताने घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. माईने हे सगळं ज्याच्यासाठी केलं, तेच गेलं होतं.

"थांबा," सून म्हणाली. तिच्या हातात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघायचं छोटं यंत्र होतं. "इतका मोठा आकडा आला की आम्ही एकदा बोटाचं रक्त घेऊन ताडून बघतो. दोन्ही बघितल्याशिवाय काही ठरवू नका."

"आता त्याची काय गरज आहे?" थोरला म्हणाला.

"एक मिनिटाचं काम आहे," असं म्हणत तिने अण्णांचा हात हातात घेतलासुद्धा.

एकशे सव्वीस.

तिने दुसऱ्या बोटाचं घेतलं. एकशे चोवीस.

सगळेच एकदम बोलायला लागले.

"म्हणजे चकतीच खराब!" धाकट्याने पकड उचलून परत बापाच्या हातात कोंबली.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, काटा बिघडलाय," अण्णा ताठ बसत म्हणाले.

"मी त्या कंपनीला सोडणार नाही," लेकीने डोळे पुसले. "आणि दादा, तूही कमाल करतोस. नुसत्या आकड्यांवरून अण्णांना घरी बसवायला निघालास?"

"मी? रोज पहाटे फोन कोण करत होतं?" थोरल्याने आलेख गोळा करायला घेतले. दहा दिवसांचे आलेख रद्दीत जाणार याचं त्याला बापाची साखर चढल्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. सल्लागाराचं कार्ड त्याने गुपचूप फाइलमध्ये सरकवलं.

"चल गं," अण्णा खुशीत उठले. "आत चल, ही चकती काढून टाकू. एकदाची ब्याद जाऊ दे."

माई उठली नाही.

किती सोपं होतं. आत जायचं, बाही वर करायची, चकती सोलून केराच्या डब्यात टाकायची. अण्णांची खुर्ची वाचली होती. घर खूश होतं. पण दहा दिवस ज्या आकड्याने सगळ्यांची झोप उडवली, तो आता कोणाचाच नव्हता म्हणून सगळे हसत होते. माईला त्या हसण्याचा राग आला. तिला इतका राग येतो हे तिलाही नवीन होतं.

"काटा बिघडलेला नाही," ती म्हणाली.

"आई, तुला त्यातलं काय कळतं?" लेक प्रेमानेच म्हणाली.

"पन्नास वर्षं खाली हेच तर चालतं. अहो, माप चुकलं वाटलं तर आधी काय बघायचं?"

अण्णा दारात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली.

"पारडं," ते हळूच म्हणाले.

माईने डावी बाही दंडापर्यंत वर केली आणि चकती दिसेल अशी वळून बसली.

सुनेने पुढे होऊन तिचा हात घेतला, पट्टी नसलेलं बोट निवडलं. छोट्या यंत्रावर आकडा आला. दोनशे एकोणऐंशी. तिने तो मोठ्याने वाचला नाही, यंत्र नुसतं टेबलावर ठेवलं.

"कधीपासून आहे हे?" अण्णांनी विचारलं.

"मला काय माहीत?" माई म्हणाली. "मोजलंय कोणी?"

खाली दुकानात लहानमोठे बेचाळीस काटे होते. अण्णा खाली मान घालून परत खुर्चीपाशी आले. त्यांनी पकड टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"उद्या दुकान बंद," ते म्हणाले. "मी हिला घेऊन डॉक्टरकडे जातोय." अण्णा पडले होते त्या दिवशीसुद्धा दुकान संध्याकाळी उघडलं होतं.

मग घर भानावर आलं, म्हणजे पूर्वीसारखं झालं. थोरल्याने रद्दीत टाकायला घेतलेले आलेख परत काढले, वरचं नाव खोडलं आणि आईचं लिहिलं. लेक म्हणाली, मी आता रोज दोनदा फोन करणार. धाकटा म्हणाला, आईसाठी वेगळा आवाज लावतो, कुत्रा बरा दिसणार नाही. पहिला फोन कोणाचा वाजावा यावरून थोरल्याचं आणि लेकीचं जुंपलंही.

"ते सगळं नंतर," माई म्हणाली. "आधी मला कोणीतरी पाणी द्या. घसा कोरडा पडलाय."

सगळे एकदम उठले. अण्णा, थोरला, सून, धाकटा, चौघंही स्वयंपाकघरात शिरले. टेबलावरच्या पडद्यातून लेक 'काय झालं, कुठे गेले सगळे' म्हणत राहिली. माईला आतून आवाज येत होते. एक कपाट उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं. एक झाकण खाली पडून गरगर फिरलं. एक खण ओढला, तो चमच्यांचा निघाला. मग बराच वेळ कुजबुज झाली.

"आई," धाकट्याने आतून विचारलं, "पेले कुठे असतात गं?"

माईने सवयीने खुर्चीच्या हातांवर हात टेकले, अर्धी उठली. मग परत बसली.

"शोधा," ती म्हणाली.